उत्तर कोरियात धान्य पाठवणं म्हणजे छळ करणाऱ्या सरकारलाच पोसणं नाही का? ख्रिश्चनांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय की जिथं बायबल सापडलं म्हणून माणसाला छावणीत टाकतात तिथं ख्रिश्चनांनी मदत तरी का पाठवायची. मी स्वतः ख्रिश्चन आहे आणि माझं मत आहे की पाठवायचीच, शत्रू भुकेला असेल तर त्यालाही खायला घाल असं आपल्याला सांगितलंय आणि इथं तर उपाशी राहणारा शत्रूही नाही. फक्त आपल्या विश्वासाची किंमत त्या उपाशी माणसाला मोजायला लावायची नाही.

तिथं भूक आणि छळ एकमेकांत अडकलेले आहेत. 1991 ला सोव्हिएत युनियन फुटलं, तिकडून येणारं स्वस्त तेल आटलं, 1995 ला मोठा पूर आला आणि ज्या सरकारी रेशनवर बहुतेक लोक जगत होते तेच कोलमडलं. मेलेल्यांचे अंदाज काही लाखांपासून वीस-तीस लाखांपर्यंत आहेत. त्यात सोंगबुन नावाची प्रतवारी, आजोबा-पणजोबा कोण होते त्यावरून तुमची निष्ठा ठरते, आणि जुनी ख्रिश्चन घराणी थेट शत्रू वर्गात. आणि हे कुठं, तर ज्या प्योंगयांगला, आताच्या राजधानीला, एकेकाळी पूर्वेचं जेरुसलेम म्हणायचे तिथं, खुद्द देशाचा संस्थापक किम इल-सुंगची आई ख्रिश्चन घरातली होती!

उपासमारीत लोक तुमेन नदी ओलांडून चीनमध्ये पळाले आणि तिथं पोटभर जेवण, लपायला जागा बऱ्याच जणांना चर्चच्या लोकांकडेच मिळाली. चीन त्यांना पकडून परत पाठवतो, आणि परत गेल्यावर चौकशीत विचारतात, दक्षिण कोरियाच्या कोणाला भेटलीस का, चर्चमध्ये गेली होतीस का. उत्तर हो निघालं तर राजकीय कैद्यांची छावणी किंवा त्याहून वाईट, 2014 च्या यूएन चौकशी आयोगाच्या अहवालात हे सगळं आलंय. म्हणजे बाई गेली होती तांदळासाठी आणि शिक्षा भोगते प्रार्थनेची. मला हे वाचून फार त्रास झाला होता.

म्हणूनच दक्षिण कोरियातून काही लोक भरतीची वेळ साधून प्लास्टिकच्या बाटल्यांत तांदूळ भरून समुद्रात सोडतात ना, त्यात छोटं बायबल किंवा पेनड्राइव्ह घालणं मला पटत नाही. सोडणाऱ्यांची तळमळ खरी आहे, स्वतः अटक ओढवून घेतात ते, पण किनाऱ्यावर ती बाटली उचलणाऱ्याने फक्त तांदूळ बघितलाय, आत काय धोका आहे हे त्याला कोण सांगणार?

याउलट युजीन बेल फाउंडेशन या मदत संस्थेचं काम बघा. तिचे संस्थापक स्टीफन लिंटन यांनी 1995 ला धान्यापासून सुरुवात केली, नंतर टीबीकडे वळले, साध्या औषधांना दाद न देणारा टीबी. त्यांची माणसं वर्षातून दोनदा स्वतः सेंटरवर जायची, पेशंटच्या थुंकीचे नमुने घ्यायची आणि पुढच्या सहा महिन्यांची औषधं पोचवायची. उपासना नाही, पत्रकं नाही. मेनोनाइट या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनीही असंच डबाबंद मांस पाठवलं.

सरकार मदत वळवतं हा तुमचा मुद्दा खोटा नाहीये, मदत गरजूंपर्यंत पोचत नाही म्हणून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय संस्थेचे लोक 1998 ला तिथून निघून गेले. आणि चांगलं काम केलं म्हणून सरकार सोडतं असंही नाही, कॅनडाचे पाळक ह्यॉन सू लिम अनाथाश्रम, वृद्धाश्रम चालवायला मदत करत होते, त्यांना 2015 ला जन्मठेप झाली आणि 2017 ला सुटले. पण ती जोखीम त्यांनी स्वतः घेतली होती, कुठल्या उपाशी माणसावर ढकलली नव्हती.

2020 ला सीमा बंद झाल्यावर परदेशी मदत कर्मचारी जवळपास सगळे बाहेर पडले, त्यामुळे आता कोणी या नावाने पैसे मागितले तर मी दोन गोष्टी विचारते. औषध किंवा धान्य शेवटच्या माणसाच्या हातात पडताना तुमच्यापैकी कोणी डोळ्यांनी बघतं का, आणि आतल्या विश्वासणाऱ्यांचे फोटो, गावं, ते कुठल्या वाटेने निसटले हे तुम्ही छापता का? पहिल्याला नाही किंवा दुसऱ्याला हो आलं तर तिथं मी देत नाही, दुसरं ठिकाण शोधते.