मराठीतला एक बग नीट नोंदव, मग कोडकडे ये

प्रिय मुली,

लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सची एक आवृत्ती) टाकून झालंय, गिटहबवर (कोड ठेवण्याचं संकेतस्थळ) खातं आहे, आणि ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात, शिरायचं कुठून हे कळत नाही, असं तू लिहिलंस. 'नवशिक्यांसाठी' म्हणून फिरणाऱ्या प्रोजेक्टांच्या याद्या आधी बाजूला ठेव. जे सॉफ्टवेअर तू रोज वापरतेस त्यातलं एक निवड आणि त्यात मराठी कुठे अडते ते शोध. सॉफ्टवेअरमधली अशी चूक म्हणजेच बग. लिब्रेऑफिस (रायटरसारख्या ऑफिस प्रोग्रामांचा संच) किंवा फायरफॉक्स (ब्राउझर) लिहिणाऱ्या बहुतेक लोकांना 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक दिसत नाही. तुला तो वाचताक्षणी दिसतो. निदान पहिले काही महिने तुझं काम एवढंच, की कोल्हापुरात बसून तुला जे दिसतं ते मराठी न येणाऱ्या माणसाला पटेल असं मांडायचं. कोड त्यानंतर येतोच.

ऱ्य आणि ऱ्हपासून सुरुवात कर. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एक म्हणजे ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सगळीकडे सापडेलच असं नाही. ॲचंही तसंच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून (यू+०९७२) लिहिता येतं आणि अ-वर चंद्र देऊनही. ळ युनिकोडच्या तक्त्यात लच्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत मात्र हच्या नंतर. नुसत्या कोडच्या क्रमाने यादी लावणारा प्रोग्राम म्हणूनच ळ चुकीच्या जागी ठेवतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलंस की त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलंस की अक्षर परत येतं. ही युक्ती तुला रोज लागेल.

चूक दिसली की लगेच बग नोंदवायला धावू नको. आधी ती कुठल्या थरातली आहे ते ठरव. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कास्टिंगला छिद्र निघालं तर आधी बघतात, पॅटर्न चुकला, वाळू ओली होती की धातूच थंड ओतला. इथेही तीन जागा आहेत: फॉन्ट, अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड; बहुधा हार्फबझ) आणि ते ॲप्लिकेशन. फॉन्ट बदलून बघ. नोटो सान्स देवनागरीत चुकतं आणि मुक्तामध्ये बरोबर येतं, तर दोष बहुतेक फॉन्टचा, आणि तक्रार त्या फॉन्टच्या रिपॉझिटरीत (त्याच्या फाइली ठेवलेल्या जागी) जायला हवी. प्रत्येक फॉन्टमध्ये चुकतं, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे तसंच, तर हार्फबझकडे बघ. दोघंही तीच लायब्ररी वापरतात. तिच्याबरोबर एचबी-शेप नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. त्याला फॉन्ट आणि शब्द दिलास की कुठली ग्लिफ (अक्षराकृती) कुठल्या क्रमाने निवडली ते तो छापतो. एकाच ॲप्लिकेशनमध्ये चुकत असेल तर दोष बहुधा त्याचाच.

इथे नवी माणसं दोन ठिकाणी हमखास फसतात. रायटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट वेगळा निवडावा लागतो. 'वेस्टर्न'च्या रकान्यातला फॉन्ट बदलून मराठी अक्षरांना काहीच होत नाही. आणि मजकुराची भाषा हिंदी लावलेली असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात, कारण काही फॉन्ट भाषा बघून आकार बदलतात. तो बग नव्हे. भाषा मराठी करून पुन्हा बघ.

आता नोंद. आधी त्या प्रोजेक्टच्या बगझिलात किंवा इश्यूंमध्ये (बगांच्या नोंदवहीत) शोध. तीच तक्रार आधी कुणी केली असेल तर नवी उघडू नको, तिथेच तुझी माहिती जोड. नसेल तर ताज्या आवृत्तीवर तपास, कारण उबुंटूतली आवृत्ती मागची असू शकते आणि दुरुस्ती कदाचित झालेलीही असेल. मग साध्या इंग्रजीत लिही: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, पायऱ्या, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. पायऱ्या इतक्या सुट्या हव्यात, की मराठी कीबोर्ड नसलेल्या माणसालाही करता याव्यात. म्हणून शब्दाबरोबर त्याचे युनिकोड क्रमांक ओळीने दे, एकाच शब्दाची फाइल जोड आणि बरोबर-चूक रूपांचं एक चित्र लाव. चाळीस पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट जोडून 'पान १७ बघा' असं लिहिलंस तर कुणी बघणार नाही. 'मराठी नीट दिसत नाही' एवढंच लिहिलेली नोंद वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, आणि त्यात चूक वाचणाऱ्याची नसते.

भाषांतर हा दुसरा दरवाजा. त्याला सोपं समजतात, ते तसं नाही. फायरफॉक्सचं भाषांतर पॉन्टूनवर चालतं, लिब्रेऑफिसचं वेब्लेटवर, गनोमचं (उबुंटूच्या डेस्कटॉपचं) डॅम्ड लाइज नावाच्या व्यवस्थेतून. पीओ नावाच्या भाषांतराच्या फाइलमध्ये मूळ वाक्य आणि त्याखाली आपलं वाक्य असतं, आणि मधे टक्क्याच्या चिन्हापुढे एस किंवा डी अशा जागा सोडलेल्या असतात. प्रोग्राम चालताना तिथे नाव किंवा आकडा येतो. मराठीत क्रियापद शेवटी जातं, त्यामुळे या जागांचा क्रम बदलावासा वाटतो. नुसती अदलाबदल केलीस तर आकड्याच्या जागी नाव जाऊन प्रोग्राम कोसळू शकतो. सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये क्रम बदलायचा असेल तर टक्क्यानंतर जागेचा क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह घालावं लागतं, आणि तो क्रमांक इंग्रजी अंकातच हवा. फाइल पाठवण्याआधी एमएसजीएफएमटी हे साधन तपासणीच्या पर्यायासह चालव. यातल्या बहुतेक चुका ते तिथेच पकडतं.

त्याहून अवघड आपलं सामान्यरूप. मोकळ्या जागेला थेट 'वर' किंवा 'मध्ये' चिकटवलंस की 'रंकाळा'चं 'रंकाळावर' होतं. प्रोग्रामला 'रंकाळ्यावर' करता येत नाही. म्हणून प्रत्यय त्या नावाला न लावता पुढच्या शब्दाला लाव: 'रंकाळा' या ठिकाणी, 'फोटो' या फोल्डरमध्ये. वाक्य थोडं लांबतं, पण चुकत नाही. मेनूतल्या शब्दात मधेच टिल्ड किंवा अंडरस्कोअर दिसलं तर ते खोडू नको. कीबोर्डवरून तो मेनू उघडणारं अक्षर त्याने ठरतं. शब्द निवडताना आधीच्या लोकांनी काय वापरलंय ते बघ. एकाच खिडकीत 'जतन करा' आणि 'साठवा' दोन्ही दिसले तर वापरणारा गोंधळतो, मग तुझा शब्द कितीही चांगला असो.

कोडकडे येशील तेव्हा कोड उघडण्याआधी प्रोजेक्टचा कॉन्ट्रिब्यूटिंग मजकूर (सहभागाचे नियम) पूर्ण वाच. प्रत्येकाची रीत वेगळी. लिब्रेऑफिसची गिटहबवरची प्रत केवळ आरसा आहे; बदल गेरिट या तपासणीच्या व्यवस्थेवर पाठवायचा असतो आणि आधी परवान्याचं एक लेखी निवेदन द्यावं लागतं. गनोम स्वतःच्या गिटलॅबवर (गिटहबसारखी व्यवस्था) चालतं. काही ठिकाणी प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ हवी असते. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये कमिटच्या आज्ञेला वजा-एस दिलं की ती आपोआप येते. लिब्रेऑफिसमध्ये 'ईझी हॅक' खूण असलेले बग नव्या लोकांसाठीच ठेवलेले आहेत. फक्त ८ जीबी रॅमवर त्याचा पहिला बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) काही तास घेईल आणि डिस्कवर बरीच जागा खाईल, तेव्हा तो रात्री लाव. एवढं जमणारं नसेल तर लहान प्रोजेक्ट घे, त्यात कमीपणा नाही. क्लोन करताना (रिपॉझिटरीची प्रत उतरवताना) नेट तुटलं तर गिट पहिल्यापासून सुरू करतं, म्हणून मोठी रिपॉझिटरी डेप्थ १ देऊन आण. जुना इतिहास नंतर मागवता येतो.

वेगळी ब्रांच (कोडची स्वतंत्र शाखा) कर आणि एका कमिटमध्ये एकच बदल ठेव. बग दुरुस्त करताना शेजारच्या ओळींची मांडणी 'सुधारू' नको. तपासणाऱ्याला खरा बदल शोधावा लागला की तो वैतागतो. कमिटची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत, खाली हा बदल का केला ते. पाठवल्यावर आठ-दहा दिवस काहीच उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे विचार. समोरचा माणूस बहुधा नोकरी सांभाळून हे करतो आणि त्याची रात्र आपल्या दुपारी असते. रिव्ह्यूमध्ये पाच शेरे आले तर पाचांनाही वेगवेगळं उत्तर दे. शेरा पटला नाही तर कारण लिही. गप्प राहून निम्मेच बदल केलेस तर पुढचा शेरा येतच नाही.

'प्लीज असाइन मी' (हा बग माझ्याकडे द्या) असं लिहीत फिरू नको. आधी बग तुझ्या मशीनवर घडवून दाखव, कुठल्या फाइलमध्ये काय चुकतंय ते लिही, मग 'मी हे करते' म्हण. प्रश्न एखाद्याला खासगीत न विचारता सगळ्यांसमोर विचार, म्हणजे उत्तर पुढच्यालाही सापडतं. सर-मॅडम लावायची गरज नाही; नावाने हाक मारणं तिथे उद्धटपणा समजत नाहीत.

टी-शर्टसाठी रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) एक विशेषण घालून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवण्याची लाट २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक पुल रिक्वेस्टना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, आली होती. ती इतकी वाढली, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, स्वतःहून संमती देणारी प्रोजेक्टंच धरावी लागली. त्या वाटेला जाऊ नको. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडचंही तेच: जेंटू या लिनक्सच्या आवृत्तीने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली, इतरांचे नियम वेगळे आहेत. तू निवडलेल्या प्रोजेक्टचा नियम वाच, आणि जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नको. गुगल समर ऑफ कोडमध्ये (नव्या लोकांना ओपन सोर्सचं काम देणारा उपक्रम) मानधन मिळतं, पण अर्जाच्या आठवड्यात उगवलेल्या नावापेक्षा आधीपासून बग सोडवणारं नाव मेंटरच्या लक्षात राहतं.

कोड जमत नाही असं वाटलं तर ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आहे. शिवाजी पेठेतले बोळ, मंगळवार पेठेतले दवाखाने, पंचगंगेकाठच्या गावांतले पाणंद रस्ते: २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर असा नकाशा किती कामाचा ते तुला वेगळं सांगायला नको. स्ट्रीटकंप्लीट हे ॲप फोनवर घेतलंस तर चालता चालता माहिती भरता येते. मराठी नाव भरण्यासाठी वेगळा रकाना आहे, तो भर. गुगल मॅपवरून मात्र काहीही उतरवून घेऊ नको. परवाना परवानगी देत नाही, आणि असं भरलेलं उघडकीस आलं की ते पुसून टाकतात.

या आठवड्यात फक्त 'दऱ्या' शब्द दोन्ही पद्धतींनी लिही, तुझ्या तीन ॲप्लिकेशनांत शोधून बघ आणि कुठे सापडत नाही ते युनिकोड क्रमांकांसकट मला पाठव. नोंदीचा मसुदा सोबत असू दे, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

तुझे सर