किती पाउंडचं धनुष्य घेऊ? आधी खुर्चीत बसून ओढून बघा

धनुष्याचं ड्रॉ वेट, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती पाउंडाचा जोर लागतो ते, यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं तर बरेच आले. बहुतेकांचा सूर एकच, जास्त पाउंड म्हणजे जास्त चांगलं ना? तसं नाहीये, आणि शिकारीच्या धनुष्याच्या बाबतीत तर हा गैरसमज प्राण्याच्या जिवावर बेततो, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न: आमचं गोव्यात सत्तरीला कुळागर (सुपारी-केळीची बागायत) आहे. रात्री रानडुकरं येऊन केळी, सुरण सगळं उकरून टाकतात. 70 पाउंडचं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) घेतलं तर एका बाणात डुक्कर पडेल का?

बाब, तुमचं नुकसान मला कळतं, माझ्या मामाच्या बागायतीत एका रात्रीत चाळीसेक केळी आडवी झालेली मी बघितलीत. पण यासाठी धनुष्य घेऊ नका, 70 पाउंडचं नको आणि 30चंही नको. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 प्रमाणे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, मारायचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरली जाते, आणि त्या कायद्यात हत्यार म्हणजे काय ते सांगताना बंदुकीसोबत धनुष्यबाणाचं नाव सरळ लिहिलंय. तुमच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं आत शिरणं पण कलम 31 खाली गुन्हा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंधारात, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या हाताने सोडलेला बाण पोटात लागतो, डुक्कर तो घेऊन पळतं आणि तासन्‌तास तडफडत राहतं, आणि सकाळी काजू वेचायला आलेल्या बाईच्या समोर ते जखमी जनावर उभं राहिलं तर काय होईल याचा विचार करा. नुकसानीचा पंचनामा करून घ्या, वाळपईच्या झोनल कृषी ऑफिसात जाऊन कुंपणाच्या अनुदानाचं विचारा. धनुष्याची आवड खरीच असेल तर 3डी शूटिंग करा, फोमचे प्राणी असतात, डुक्करसुद्धा असतो, कौशल्य तेच लागतं.

प्रश्न: मी मूळचा पेडण्याचा, आता पोर्तुगालमध्ये असतो. इथे रानडुकराच्या शिकारीला धनुष्य चालतं, परीक्षेची तयारी करतोय. दुकानदार म्हणतो 70 पाउंड घे, मित्र म्हणतो 60 पुरे. मी जिममध्ये जातो, ताकद आहे. काय घेऊ?

परीक्षा देऊन रीतसर करताय हे फार चांगलं. तिथल्या शिकाऱ्याच्या परवान्यात धनुष्यवाल्यांचा प्रकारच वेगळा असतो, त्यामुळे बंदुकीच्या परवान्यावर धनुष्य चालवतो असं करू नका. (इंग्लंडमध्ये भाऊ असलेल्या दोघांनी हेच विचारलंय, त्यांना इथेच सांगतो, तिकडे 1981च्या कायद्याने रानटी प्राण्यावर धनुष्य चालवायला बंदी आहे.)

आता वजनाचं. कंपाउंडमध्ये लेट-ऑफ असतो, म्हणजे कॅम (टोकांवरची चाकं) फिरले की शेवटी हातावरचा भार एकदम उतरतो. 60 पाउंडचं धनुष्य, 80 टक्के लेट-ऑफ, तर पूर्ण ओढल्यावर बोटावर फक्त 12 पाउंड राहतात. दुकानात सगळे याच आकड्याला भुलतात. पण त्या 12 पर्यंत पोचायला मधे पूर्ण 60चा डोंगर चढावाच लागतो, आणि शिकारीत तो डोंगर तुम्ही कसा चढता यावरच सगळं ठरतं.

मी न्यूझीलंडला कामाला होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एप्रिलमध्ये तिकडे रेड डियरचे नर हंबरत फिरतात, त्या दिवसात पहाटे चारपासून एका पडलेल्या झाडाआड बसलो होतो. रेंजवर मी 65 पाउंड आरामात ओढायचो, दिवसाला साठ-सत्तर बाण. अडीच तासांनी नर आला, वीस मीटरवर, आडवा उभा. मी ओढायला गेलो आणि दोरी अर्ध्यावर अडकली. अंगात थंडी भरलेली, पाठ आखडलेली, गुडघे दुमडलेले. जोर लावायला धनुष्य आभाळाकडे उचललं, तेवढ्या हालचालीने त्याने मान वळवली आणि गेला. तो वाचला याचं मला आज बरंच वाटतं, कारण तसाच धडपडत ओढून बाण सोडला असता तर तो नक्कीच चुकीच्या जागी लागला असता. दुसऱ्याच दिवशी लिंबचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजांचे, बोल्ट सैल करून 54 वर आणलं.

म्हणून जिमची ताकद बाजूला ठेवा आणि ही चाचणी करा. साध्या लाकडी खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून वर उचला, बाण लावून टोक टार्गेटवर ठेवा आणि ते टोक तिथून न हलवता हळू सरळ मागे ओढा. धनुष्य वर गेलं, ढुंगण खुर्चीवरून सरकलं, श्वास रोखावा लागला तर वजन जास्त आहे. ओढून अर्धा मिनिट धरा, मग न सोडता तितक्याच हळू परत आणा, कारण प्राणी ऐनवेळी वळला तर तुम्हाला हेच करायचंय. आणि ही चाचणी वॉर्म-अप न करता, दिवसाचा पहिला बाण असताना करायची, चाळीस बाण मारून झाल्यावर कोणालाही सगळं सोपं वाटतं.

जोर कमी पडेल ही भीती असेल तर हिशोब बघा. बाणाचं वजन ग्रेनमध्ये (एका ग्रॅमचे साधारण 15 ग्रेन), गुणिले वेग फूट प्रति सेकंदाचा वर्ग, भागिले 450240, की फूट-पाउंडमध्ये ऊर्जा मिळते. 50च्या आसपासच्या कंपाउंडमधून 420 ग्रेनचा बाण 225च्या वेगाने गेला तर साधारण 47 फूट-पाउंड होतात. बाण बनवणाऱ्यांच्या तक्त्यात रानडुकरासारख्या जनावराला 42 ते 65 चा पट्टा दिलेला असतो, म्हणजे तुम्ही त्यात बसलात. अमेरिकेत कायद्यानेच किमान वजन ठरवलेलं असतं तिकडेही आकडे बघा, कोलोरॅडोत 35 पाउंड, अलास्कात मूस हरणाला आणि ग्रिझली अस्वलाला 50. अस्वलाला 50 चालतं तर डुकराला 70 कशाला?

खरी अडचण डुकराच्या शरीराची आहे. त्याच्या खांद्यावर जाड कातडीची ढालच असते, आणि हृदय-फुफ्फुसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायामागे असतात. समोरून किंवा तिरकं आपल्याकडे येत असताना मारायचं नाही. आडवा उभा असेल किंवा किंचित पाठमोरा, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तेव्हाच. बाणाचं पातं फिक्स्ड घ्या, उघडणारी मेकॅनिकल पाती उघडण्यातच थोडी ऊर्जा खातात. 50 ते 60 अॅडजस्ट होणारं धनुष्य घ्या, खालून सुरू करा.

प्रश्न: मी मडगावची, उंची 5 फूट 2 इंच. माझ्या रिकर्व्हवर 40 पाउंड छापलंय पण सर म्हणतात तू 34च ओढतेस. मला फसवलं का?

नाही ताई, कोणी फसवलेलं नाही. रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्यावर, छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, त्याला अडीचने भागा, ती तुमची अंदाजे ओढ. तुमचे हात उंचीइतकेच धरले तर 62 भागिले 2.5, पावणेपंचवीसच्या आसपास. 28 पेक्षा तीन इंच कमी, आणि या वजनाला इंचामागे साधारण 2 पाउंड कमी होतात, म्हणून 34. लांब हाताच्या माणसाला उलटं होतं, 30 इंच ओढणाऱ्याला तेच धनुष्य 44 पडतं.

घरी मोजायचं असेल तर विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, गल्फला कोणी असलेल्या प्रत्येक घरात तो असतोच. आधी बाणावर तुमच्या ओढीची खूण करून घ्या, मग हुक दोरीत मधोमध अडकवून दोरी त्या खुणेइतकी मागे येईपर्यंत ओढा आणि आकडा वाचा, किलोला 2.2 ने गुणा. तुमचा साडेपंधरा किलोच्या आसपास येईल. परत आणताना दोरी हळूच आणायची, बाणाशिवाय सुटली तर लिंब फुटू शकतात, डोळ्याला लागतं.

प्रश्न: म्हापशाहून. सहा महिन्यांपूर्वी थेट 50 पाउंडच्या रिकर्व्हने सुरुवात केली, आता उजवा खांदा रात्री ठणकतो, कूस बदलता येत नाही. सराव चालू ठेवू का?

बंद करा, आजच, आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरना दाखवा. रात्री ठणकणं हे खांद्याच्या आतल्या स्नायूंच्या दोऱ्यांना इजा झाल्याचं लक्षण असू शकतं, त्यावर बाम चोळून परत रेंजवर जाणारे दोघंजण मी बघितलेत, दोघांचंही वर्ष फुकट गेलं.

ऑलिम्पिकला खेळणारे पुरुष 45-50 च्या आसपास ओढतात आणि ते तिथे वर्षानुवर्षं चढत गेलेले असतात. नव्या मोठ्या माणसाने 24 ते 30, बायकांनी 18 ते 24, मुलांनी 12-16 पासून सुरू करावं. डॉक्टरने परवानगी दिल्यावर 24 चे लिंब घ्या, रायझर (मधली मूठ) तोच ठेवून फक्त लिंब बदलता येतात, आणि महिना-दीड महिना एका वजनावर घालवून मग 2 पाउंड वाढवा. शिकवणाऱ्याने तुम्हाला 50 वर सुरू करू दिलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: 40 वरून 50 वर गेलो तर जुने बाण चालतील ना? (फोंडा)

बहुतेक नाही. बाण सुटताना वाकतो, आणि किती वाकावा हे वजनाशी जुळलेलं लागतं, त्याला स्पाइन म्हणतात. आकडा जितका लहान तितका बाण कडक. 600 स्पाइनचे बाण 40 ला ठीक असतील तर 50 ला 500 किंवा त्याहून कडक लागतील, तुमच्या बाणाची लांबी बघून तक्त्यात नक्की करा. आणि बाण फार हलका नको, पाउंडामागे 5 ग्रेन ही खालची मर्यादा, त्याखाली गेलात तर बाणाशिवाय दोरी सोडल्यासारखाच धक्का लिंबना बसतो. शिकारीला 8-10 ग्रेन बरे.

प्रश्न: काणकोणहून. पावसाळ्यात लाकडी रिकर्व्ह कपाटात ठेवलं होतं, आता ओढायला हलकं वाटतं. पाउंड उतरतात का?

उतरू शकतात. लिंब लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून बनवतात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते तर त्या चिकटाला दमट हवा बाधणारच. दोरी चढवलेलीच ठेवली होती का? तसं असेल तर तेच पहिलं कारण. लिंबच्या कडेवरून नख फिरवा, कुठे अडकलं किंवा पांढरट रेघ दिसली तर थर सुटतायत, ते धनुष्य परत ओढू नका. नख सरळ गेलं तर दोरी मेण लावून चढवा, ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) मोजा, दोरी ताणून लांब झाली असेल तर ती कमी येईल, तेव्हा दोन-चार पीळ देऊन जागेवर आणा, आणि मग वर सांगितलेल्या काट्याने मोजा. यापुढे पावसात दोरी उतरवून, कापडी पिशवीत, आडवं ठेवा, आणि बंद गाडीत उन्हात तर अजिबात नको.