वाचकांचे प्रश्न: उपकारस्तुती कशाबद्दल, कशी आणि किती?

नोकरी लागली, घर झाले, मूल झाले की आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानण्याची सभा होते. तारणाबद्दल, म्हणजे ख्रिस्ताने पापातून सोडवल्याबद्दल, मात्र कोणी वेगळी उपकारस्तुती करताना दिसत नाही. ती करायची असते का? रोजच्या प्रार्थनेत कशी आणावी? (एक वाचक, श्रीरामपूर)

करायची असते. बाकीच्या सगळ्या उपकारस्तुती तिच्याच पोटात येतात. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात इस्राएल लोक समुद्र पार करतात आणि 15 व्या अध्यायात गातात. दहा आज्ञा त्याहून पुढे, 20 व्या अध्यायात येतात आणि त्यांचीही सुरुवात ‘मी तुला दास्यातून बाहेर आणले’ या आठवणीनेच होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून देणाऱ्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने हाच क्रम धरला आहे. तिच्या 129 प्रश्नांचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना या दोन्हींचे विवेचन तिसऱ्या भागात येते. आज्ञा पाळून तारण कमवायचे नसते. ज्याला तारण मिळाले, तो आज्ञा पाळून आभार मानतो.

आता रोजची प्रार्थना. ‘प्रभू, तुझ्या सर्व आशीर्वादांबद्दल आभार’ एवढे म्हणून गाडी लगेच मागण्यांवर जाते, ही नेहमीची अडचण. नेमक्या कोणत्या कृत्याबद्दल आभार मानायचे हे ठरलेले नसते, म्हणून ते एका वाक्यात संपतात. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडा आणि देवाने काय केले तेवढेच शोधा. त्याने निवडले (वचन 4), दत्तक घेतले (5), ख्रिस्ताच्या रक्ताने सोडवून क्षमा केली (7), आपल्या इच्छेचे रहस्य कळवले (9), वतन दिले (11), पवित्र आत्म्याचा शिक्का मारला (13). सोमवार ते शनिवार, रोज एक. वचन मोठ्याने वाचायचे, मिनिटभर गप्प बसायचे, मग त्याच एका कृत्याबद्दल तीन-चार वाक्ये बोलायची. क्षमेच्या दिवशी मोघम ‘माझी पापे’ म्हणू नका, एका पापाचे नाव घ्या. मागण्या त्यानंतर. एवढ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. मन भरून आले नाही तरी चालेल. आभार देवाच्या कृत्याचे आहेत, आपल्या मनःस्थितीचे नव्हेत.

स्तुती आणि उपकारस्तुती यांत फरक काय? (सोलापूर)

स्तुती देव कसा आहे याबद्दल, उपकारस्तुती त्याने काय केले याबद्दल. 103 व्या स्तोत्रात दोन्ही आहेत: वचने 3 ते 5 मध्ये उपकार, वचन 8 मध्ये देवाचा स्वभाव. प्रार्थनेत दोन्ही मिसळली म्हणून काही बिघडत नाही.

मुलगा आजारातून उठला तर मोठी सभा घेईन, असे देवाला बोललो होतो. मुलगा बरा झाला, पण मंडप आणि जेवणाला पैसे नाहीत. नवस राहिला तर देव शिक्षा करील का? (बीड जिल्हा)

मुलाच्या तब्येतीवर याची टांगती तलवार ठेवू नका. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले त्याचे बिल सभेने चुकते होत नाही आणि सभा लांबली म्हणून बरे झालेले मूल देव परत मागत नाही. शब्द दिला असेल तर तो पाळावा, हे मात्र ‘उपदेशक’ या पुस्तकाचा 5 वा अध्याय स्पष्ट सांगतो. पाळायचे ते आभाराचे वचन. मंडप आणि केटरर ही आपली भर.

‘लेवीय’ या पुस्तकाचा 7 वा अध्याय पाहा. उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. नवसाच्या अर्पणाला दुसऱ्या दिवसाची मुभा होती. अख्खे जनावर एका दिवसात संपवायचे तर माणसे बोलवावीच लागणार! भर वाटून खाण्यावर होता. तेव्हा पाळकांना स्थिती सांगा, तारीख ठरवा, शेजारची चार घरे बोलवा, चहा-बिस्किटे ठेवा. कर्ज काढू नका. कर्जाच्या हप्त्यांखाली आभार लवकर आटतात आणि पुढच्या वर्षी घरात त्याच सभेबद्दल कुरकुर सुरू होते.

घरगुती उपकारस्तुतीची सभा अडीच तास चालते, लहान मुले झोपतात. क्रम कसा लावावा? (पुणे)

एक तास पुरतो. सुरुवातीची प्रार्थना आणि दोन गीते, 12 मिनिटे. स्तोत्र 136, 5 मिनिटे: पुढाऱ्याने ओळीचा पहिला भाग वाचावा आणि देवाच्या सनातन दयेचे पालुपद सगळ्यांनी म्हणावे. ते 26 वेळा येते, त्यामुळे वाचता न येणारी आजी आणि बालवाडीतले पोरही सामील होते. मग कुटुंबातल्या एकाची साक्ष, 5 मिनिटे. एक गीत. संदेश 15 मिनिटे. आभाराच्या प्रार्थना 10 मिनिटे, प्रत्येकाने एकाच गोष्टीबद्दल. अर्पण, शेवटचे गीत, आशीर्वाद.

वेळ खाते ती साक्ष. दवाखाना, रिपोर्ट, कोणत्या डॉक्टरने काय सांगितले यातच वीस मिनिटे जातात आणि देवाचे नाव शेवटच्या वाक्यात येते. आदल्या दिवशी एका कागदावर तीन वाक्ये लिहून घ्या: काय अवस्था होती, देवाने काय केले, आता आम्ही काय करणार. या चौकटीतच बोलायचे. सभेला इतर धर्मांचे शेजारी असतील तर आपल्या देवाचे उपकार मोकळेपणाने सांगा. त्यांच्या श्रद्धेला टोमणे नकोत.

गीते सर्वांना येणारी घ्या. ‘उपासना संगीत’मध्ये नारायण वामन टिळकांची गीते आहेत; ती पेटी आणि झांजांवर छान चालतात, कीबोर्ड नसला तरी अडत नाही. पट्टी मात्र आधी तपासा. गाणाऱ्याच्या गळ्याला शोभणारी पट्टी मंडळीला झेपेलच असे नाही. गीतातला सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधा. तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे जात असेल तर पट्टी उतरवा. नाहीतर अंतऱ्याला अर्धी मंडळी गप्प होते आणि आपण म्हणतो, लोकांत आत्म्याचा जोर नाही.

यजमान जाऊन चार महिने झाले. मंडळीत ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ म्हणून साक्ष द्यायला सांगतात. माझ्या तोंडून शब्द निघत नाही. (नाशिक)

ताई, साक्ष देऊ नका. कोणी आग्रह केला तर ‘आत्ता नाही’ एवढे उत्तर पुरे.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले ते वचन (5:18) दुःखात असतानाही देवाकडे वळायला सांगते. मृत्यूला चांगले म्हणायला सांगत नाही. मित्र लाजार याच्या कबरेजवळ येशू आधी रडला (योहान 11:35) आणि मग त्याने पित्याचे आभार मानले (11:41). स्तोत्र 13 रोज वाचून पाहा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणे आहे, भरवसा आणि गाणे शेवटच्या दोनांत. चौथ्या वचनावर थांबावेसे वाटले तर थांबा. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. तोवर मंडळी गाते ते तुमच्याही वतीने.

मंडळीच्या पुढाऱ्यांना: शोकात असलेल्या माणसासमोर माईक धरू नका. चार महिन्यांनी घरी कोणी फिरकत नाही, तेव्हा जा.

हंगामाच्या सणाला नारळ, कोंबडी, धान्य यांचा लिलाव होतो. ही बोली म्हणजे अर्पण का? (अहिल्यानगर जिल्हा)

होऊ शकते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातला शेतकरी पहिल्या पिकाची टोपली ठेवतो तेव्हा पावसाबद्दल किंवा पिकाबद्दल आधी बोलत नाही. आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतो, परमेश्वराने बाहेर काढले, हे तो सांगतो. पीक शेवटी येते. लिलावाआधी हा उतारा (वचने 1 ते 11) कोणाला तरी वाचायला लावा. तसे न केल्यास बोली दोन घरांची चुरस होते आणि पन्नास रुपयांचा नारळ भाऊबंदकीच्या भावात जातो.

व्यवहारही चोख हवा. बोली लागताच वहीत नाव आणि रक्कम लिहा, पावती द्या, उधारी राहिलीच तर मुदत महिन्याची ठेवा. थकलेल्या बोल्यांची यादी वेदीवरून वाचू नका. खजिनदाराने एकट्याने भेटून विचारावे. त्याच अध्यायातल्या 11 व्या वचनात लेवी (स्वतःची जमीन नसलेले उपासनेचे सेवक) आणि उपरा यांनाही आनंदात सामील करून घ्यायला सांगितले आहे. म्हणून धान्याचा एक वाटा लिलावात न काढता बाजूला ठेवा आणि ज्या घरात कमावते कोणी नाही तिथे त्याच संध्याकाळी पोचवा.