आधी तास मोजा, मग पगार

जास्त पगाराची पण लांबच्या ऑफिसातली नोकरी घ्यायची, की कमी पगाराची पण घरून करायची, असा पेच पहिल्यांदाच पडलाय, तर गोंधळ होणारच. मी दोन्ही प्रकारच्या नोकऱ्या केल्यात, त्यामुळे सुरुवातीला लागेल तेवढंच सांगतो.

नवखे लोक पगाराचे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि मोठा उचलतात. तिथेच फसगत होते. जायला दीड तास, यायला दीड तास म्हणजे रोजचे ३ तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६. म्हणजे कामाचे आठ दिवस नुसते रस्त्यात गेले! पगार २० टक्क्यांनी वाढला, पण ८ तासांचे ११ झाले, तर तासामागची कमाई उलट १३ टक्क्यांच्या आसपास घटते. प्रवासखर्च आणि वाढीव कर यात अजून धरलेलाच नाही.

- प्रवासाची चाचणी सुट्टीच्या दिवशी घेऊ नका. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीत, दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत घड्याळ बघा.
- घरून काम कायमचं आहे असं गृहीत धरू नका. नेमणूकपत्रात तसं लिहून घ्या.

मात्र ही तुमची पहिलीच नोकरी असेल, तर माझ्या मते ऑफिसचं पारडं जड आहे. चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही. शेजारच्या टेबलावरचे सीनियर फोनवर बोलायचे, ते ऐकत ऐकत शिकलो. घरी एकट्याने बसून ते जमलं नसतं.

आणि आठवड्यातले दोन दिवस घरून चालेल का, हे होकार कळवण्याआधीच विचारा. बिनधास्त विचारा.