पेन्शनच्या कागदावर मुलगा कुठे आहे?

प्रश्न: मी कळव्याला राहते. वय 63. राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, शेवटचं मूळ वेतन 60 हजार. पती हयात नाहीत. मुलगा 33 वर्षांचा, त्याला बाविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू असल्या की ठीक असतो, पण नोकरी टिकत नाही. दहा वर्षं दरसाल 2 लाख भरायचे आणि बाराव्या वर्षापासून पंधरा वर्षं दरसाल 2.2 लाख मिळायचे, अशी हमी उत्पन्नाची पॉलिसी त्याच्यासाठी घेऊ का? त्याच्या लग्नासाठी 6 लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. स्थळांना कळेल म्हणून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलेलं नाही. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला आहे.

उत्तर: ताई, पॉलिसी घेऊ नका. 20 लाख भरून 33 लाख मिळतात हे एजंटाने सांगितलं. त्याचा परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो हे नाही सांगितलं. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना आठ टक्क्यांच्या वर देते. शिवाय महिना 17 हजार तुमच्या पेन्शनमधून जाणार, आणि मुलगा साठीला टेकला की पैसे बंद!

आता तुम्ही न विचारलेलं. आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मूळ वेतनाच्या 30 टक्के म्हणजे 18 हजार, महागाई भत्ता धरून पंचवीस हजारांच्या वर. वर्षाचे तीन लाख, तेही वाढत जाणारे, आणि हप्ता शून्य. पॉलिसीचे 2.2 लाख मात्र बारा वर्षांनीही तेवढेच. एवढी मोठी गोष्ट तुम्ही न पाहिलेल्या स्थळांसाठी अडवून ठेवली आहे.

2016 च्या कायद्याने मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला जातो. तेव्हा सर्टिफिकेटसाठी अकरा वर्षांच्या उपचारांची फाइल काढा, डॉक्टरांची पहिली चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. पण सर्टिफिकेटवरची दिव्यांगत्वाची नुसती टक्केवारी पुरणार नाही. 'उपजीविका करू शकत नाही' असा वैद्यकीय दाखलाही लागेल. तो घेऊन तुमच्या जुन्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्याच्या वतीने रक्कम कोण घेईल तेही कळवा आणि पोच घ्या. हे तुमच्या हयातीत करा. मागाहून मुलीला खेटे घालावे लागतील. कोणी 'निरामय' हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा सुचवला तर ऐकू नका, तो या आजाराला नाही. 80डीडीच्या, म्हणजे दिव्यांग अवलंबितासाठी मिळणाऱ्या करसवलतीच्या, मागेही धावू नका. नव्या करप्रणालीत एवढ्या पेन्शनवर तुम्हाला कर लागत नाही.

लग्न हा उपचार नव्हे. आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात जाऊ शकतं, आणि स्थळ येणार म्हणून गोळ्या थांबवल्या तर आजार उलटण्याची भीती मोठी. ते 6 लाख औषधं आणि अचानक दाखल करावं लागलं तर, यासाठी ठेवा. रोजच्या गोळ्यांवरून घरात वाद होत असतील तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. खर्च झेपेना झाला तर ठाण्याचं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट.

घर कोणाच्या नावावर, हे तुम्ही लिहिलंच नाही. तुमचं असेल तर मृत्युपत्र करा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलाचा हिस्सा थेट त्याच्या हाती न देता खासगी ट्रस्टमध्ये ठेवता येतो. विश्वस्त म्हणून मुलीचं नाव घालण्याआधी तिला विचारा, जावयांसमोर.