घर्षणाचे कार्य नेहमी ऋणच असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठोकळा फळीवरून घसरताना फळीलाही पुढे ओढतो, फळीची गतिज ऊर्जा वाढते, आणि तिला ओढणारे बल घर्षणाचेच. मग ‘घर्षणाचे कार्य नेहमी ऋण’ हे वाक्य टिकते कसे?

टिकत नाही. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन; बल विस्थापनाच्या उलट दिशेला असेल तर ते ऋण, त्याच दिशेला असेल तर धन. पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणात ठोकळा जमिनीवर घसरतो आणि जमीन जागची हलत नाही, म्हणून तिथे ते खरे ठरते. पुढे तोच नियम म्हणून डोक्यात बसतो.

तुमच्याच उदाहरणात आकडे घालू. फळी २ किलोग्रॅमची, गुळगुळीत (घर्षण नसलेल्या) जमिनीवर स्थिर. तिच्यावर १ किलोग्रॅमचा ठोकळा ६ मी/से वेगाने आला. दोघांमधल्या गतिक (म्हणजे घसरतानाच्या) घर्षणाचा गुणांक ०.४, गुरुत्व त्वरण १० मी/से² धरा. घर्षण बल आले ४ न्यूटन. ठोकळ्याचा वेग दर सेकंदाला ४ मी/से ने घटतो, फळीचा २ मी/से ने वाढतो. १ सेकंदानंतर दोघेही २ मी/से वर येतात आणि घसरणे थांबते.

तेवढ्या वेळात ठोकळा जमिनीच्या संदर्भात ४ मीटर गेला, फळी १ मीटर. म्हणजे घर्षणाचे ठोकळ्यावरचे कार्य −१६ ज्यूल (गतिज ऊर्जा १८ वरून २), फळीवरचे +४ ज्यूल (शून्यावरून ४). दोन्ही चिन्हे एकाच घर्षणाची! बेरीज −१२ ज्यूल, आणि ठोकळा फळीवर घसरला ३ मीटर: ४ × ३ = १२.

हा १२ चा आकडा नीट बघा. धावत्या गाडीतून हेच पाहिले तर −१६ आणि +४ दोन्ही बदलतील, पण बेरीज −१२ च राहील. गतिक घर्षणात दोन्ही पृष्ठभागांवरचे मिळून कार्य कायम ऋण असते आणि तेवढीच यांत्रिक ऊर्जा घटते. एकट्या वस्तूवरच्या कार्याचे चिन्ह मात्र तिच्या विस्थापनावरून ठरते. ठोकळ्याचे कार्य काढताना ४ ऐवजी ३ मीटर घेणे, ही इथली नेहमीची चूक.

ते १२ ज्यूल मुख्यतः पृष्ठभाग तापण्यात जातात. हाताला काही जाणवणार नाही, कारण १ किलोग्रॅम लोखंडाला एवढी उष्णता दिली तरी तापमान जेमतेम ०.०३ अंशाने वाढते. पण घासणे चालूच ठेवले तर? काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने बोथट हत्यारावर तोफेची नळी फिरवत ठेवून नुसत्या घर्षणाने पाणी उकळून दाखवले होते; हा प्रयोग त्याने १७९८ मध्ये प्रसिद्ध केला. घासत राहा, उष्णता संपत नाही. ती वस्तूत साठवलेला पदार्थ नव्हे, हे त्याने त्यावरूनच ताडले.

स्थितिक घर्षणाचे, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसतानाच्या घर्षणाचे, वेगळे. फळी दोरीने ओढली आणि ठोकळा न घसरता तिच्याबरोबर निघाला, तर घर्षणाचे ठोकळ्यावर धन कार्य, फळीवर तेवढेच ऋण. बेरीज शून्य, उष्णताही नाही. न घसरता रस्त्यावरून फिरणाऱ्या चाकाचा टेकलेला बिंदू तर त्या क्षणी स्थिरच असतो, त्यामुळे स्थितिक घर्षणाचे कार्य शून्य. मोटारीला पुढे ढकलणारे बाह्य बल घर्षणाचे असले, तरी तिची गतिज ऊर्जा येते इंधनातून.