चावणाऱ्याला किती सामने?

प्रश्न : आमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. आठवड्यातून चार दिवस फुटबॉलच्या सरावाला जातो. खोलीत भिंतीवर उरुग्वेच्या लुईस सुआरेझचं पोस्टर आहे. २०२५च्या ऑगस्टअखेर लीग्ज कपची (अमेरिका-मेक्सिकोतल्या क्लबांची स्पर्धा) फायनल हरल्यावर हा सुआरेझ समोरच्या संघाच्या कर्मचाऱ्यावर थुंकला आणि त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली. मुलगा म्हणतो, "आई, आधी तो चावायचा. आता सुधारलाय." मी हसले आणि मग विचारात पडले. माझे यजमान बँकेत आहेत. त्यांनी काउंटरवर कुणाचा चावा घेतला तर दुसऱ्या दिवशी नोकरी राहील का? मग तीन-तीनदा चावलेल्या माणसाला कायमचं घरी का बसवत नाहीत?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचं वाक्य मी आमच्या घरी वाचून दाखवलं. सौ. म्हणाली, या मुलाला फुटबॉल नको, वकिली शिकवा.

बँकेचं उदाहरण चपखल आहे, पण एका पायाने लंगडं. चावणाऱ्या कॅशियरला शेजारची बँक दुप्पट पगार देऊन उचलत नाही. फुटबॉलमध्ये उचलतात. नोव्हेंबर २०१० मध्ये आयाक्स या डच क्लबकडून खेळताना सुआरेझने पीएसव्हीच्या ओटमन बक्कलच्या खांद्याशी दात लावले. डच महासंघाने सात सामन्यांची बंदी घातली. पुढच्या जानेवारीत लिव्हरपूलने त्याला विकत घेतलं. २१ एप्रिल २०१३ ला लिव्हरपूलच्याच अॅनफिल्ड मैदानावर चेल्सीच्या इव्हानोविचच्या दंडाचा चावा घेतला. त्याचे दहा सामने. बंदी संपवून परतला तो लीगमध्ये ३१ गोल ठोकूनच थांबला, आणि इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेने त्यालाच त्या मोसमातला सर्वोत्तम ठरवलं. मग २४ जून २०१४. ब्राझीलमधलं नाताल शहर, वर्ल्ड कप, उरुग्वे विरुद्ध इटली, आणि चिएलिनीचा खांदा. या वेळी फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामने, चार महिने सगळ्या फुटबॉलपासून लांब आणि एक लाख स्विस फ्रँक दंड अशी शिक्षा दिली. ही बंदी चालू असतानाच बार्सिलोनाने त्याला घेतलं. पहिल्याच मोसमात तो चॅम्पियन्स लीग जिंकला, बर्लिनच्या फायनलमध्ये स्वतः गोल करून. समोर चिएलिनीचाच युव्हेंटस होता. चिएलिनी बिचारा दुखापतीमुळे बाहेर बसला होता.

तीन चावे, तीन महासंघ, तीन नियमपुस्तकं. लोक विचारतात, सात बरोबर की दहा? मला त्या आकड्यांत फारसा रस नाही. मी तीस वर्षं शिट्टी वाजवली आहे. मला खुपते ती वेगळीच गोष्ट. या तिन्ही सामन्यांत सुआरेझला चाव्यासाठी मैदानाबाहेर जावं लागलं नाही. अॅनफिल्डवर पंच केव्हिन फ्रेंड यांना चावा दिसला नाही, आणि इंज्युरी टाइममध्ये बरोबरीचा गोल हेडरने कुणी केला? त्यानेच. नातालला ७९व्या मिनिटाला चिएलिनी शर्ट खाली ओढून खांद्यावरचे दातांचे वण दाखवत होता. पंच होते मेक्सिकोचे मार्को रॉड्रिगेझ. याच पंचांनी त्याआधी इटलीच्या मार्किझिओला लाल कार्ड दाखवलं होतं. दोनच मिनिटांत कॉर्नर आला, उरुग्वेच्या गोदिनने गोल केला आणि इटली घरी. नंतर सुआरेझवर कितीही सामन्यांची बंदी घाला, इटलीला त्याचा काय उपयोग?

पण मी रॉड्रिगेझना नावं ठेवणार नाही. पंचाचे डोळे बॉलवर असतात आणि चावणारे लोक बॉलपासून लांब चावतात.

माझ्यावर ही पाळी आलेली आहे. मुंबईत कूपरेजवर चिखलातला सामना होता. एका स्टॉपरने फॉरवर्डच्या जबड्यावर कोपर मारलं. मी बॉलमागे होतो. वळलो तेव्हा फक्त रक्त दिसलं, आणि तो पोरगा चिखलात चाचपडून स्वतःचा दात शोधत होता. लाइनमनकडे पाहिलं, त्याने मान हलवली. मी ड्रॉप बॉल देऊन खेळ सुरू केला. न दिसलेल्या गोष्टीवर कार्ड काढता येत नाही. रात्री रिपोर्ट लिहिताना पेन जड झालं होतं. पुढे कमिटीला साक्षीदार मिळाले, स्टॉपरला चार सामने बंदी झाली, मला बरं वाटलं. त्यानंतरच्याच रविवारी उपनगरात एका बक्षिसाच्या टूर्नामेंटला मी पंच म्हणून गेलो. टॉसला निळ्या जर्सीतला कॅप्टन हात पुढे करून म्हणतो, "नमस्कार सर." तोच! आमच्या लीगची बंदी लीगपुरती. शिक्षा शर्टाला झाली होती, माणसाला नव्हे.

तेव्हापासून कुठलीही बंदी ऐकली की मी एवढंच पाहतो, ही माणसाच्या मागे जाते की शर्टाच्या?

फिफाची २०१४ची शिक्षा माणसाच्या मागे गेली, म्हणून ती मला पटली. गुन्हा उरुग्वेच्या जर्सीत, पण चार महिने क्लबही बंद. बार्सिलोनाकडून अधिकृत सामन्यात तो उतरला तो थेट २५ ऑक्टोबरला, रेआल माद्रिदविरुद्ध. उरुग्वेचे नऊ सामने मोजायचे तर वर्ल्ड कपमधला कोलंबियाविरुद्धचा एक, २०१५च्या कोपा अमेरिकातले चार आणि पुढच्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतले चार. उरुग्वेकडून अधिकृत सामन्यात तो परतला मार्च २०१६ मध्ये, म्हणजे जवळजवळ एकवीस महिन्यांनी. यात एक मेख आहेच. कोलंबियाकडून हरला उरुग्वे, कोपामधून चिलीने बाहेर काढला उरुग्वेला. चावला एक, भोगलं बाकीच्या दहांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सुरुवातीला त्या चार महिन्यांत त्याला सरावही करता येत नव्हता आणि स्टेडियममध्ये पाऊलही टाकता येत नव्हतं. क्रीडा लवादाने ऑगस्टमध्ये तेवढा भाग काढून टाकला, बाकी शिक्षा कायम ठेवली. योग्य केलं. खुद्द चिएलिनीनेही शिक्षा फार कडक झाली असं म्हटलं होतं, हेही तुमच्या चिरंजिवांना सांगा.

आता कायमची बंदी. नको, ताई. फुटबॉलपटूची कमाई उणीपुरी पंधरा वर्षांची असते. तंगडी मोडून दुसऱ्याचं करिअर संपवणाऱ्याला आपण तीन-चार सामने देतो आणि दातांचे वण उठवणाऱ्याला जन्मठेप, हे मला जमत नाही. चावा किळसवाणा असतो म्हणून आपल्याला तो मोठा वाटतो. शिवाय २०१४ नंतर चावल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झालेली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण एकवीस महिन्यांनी ती निदान दातांतून गेली.

मी नियम करणारा असतो तर खेळाडूबरोबर त्याची फाइल देशोदेशी पाठवली असती. दुसऱ्या वेळी दुप्पट, तिसऱ्या वेळी त्याच्या दुप्पट, आणि त्यातला काही भाग डोक्यावर टांगता : परत हात उचलला की तो आपोआप लागू. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडच्या असोसिएशनने २००८ मध्ये जोई बार्टनला बारा सामने दिले, त्यातले सहा असेच टांगून ठेवले होते. सराव चालू असताना त्याने आपल्याच संघातल्या उस्मान दाबोला बदडलं होतं.

उलट लीग्ज कपचे ते सहा सामने पाहा. ते फक्त लीग्ज कपमध्येच मोजायचे. अडतीस वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतली बंदी! नंतर अमेरिकेच्या मुख्य लीगने स्वतःचे तीन सामने जोडले म्हणून थोडी तरी लाज राहिली. पुन्हा शर्टच.

पोस्टर राहू द्या. एवढे गोल मारणारा माणूस भिंतीवरून काढवत नाही, माझ्याच्यानेही नसता काढवला.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. रस्त्यावर डोकं आपटून कुणाला पाडलं तर आम्ही गुन्हा नोंदवतो. मैदानावर तेच केलं की सामने मोजतात. हे कसं?
– एक निवृत्त हवालदार, सातारा

उत्तर : हवालदारसाहेब, क्वचित का होईना, तुमचं खातं आत आलेलं आहे. १९९४ मध्ये स्कॉटलंडमध्ये रेंजर्सच्या डंकन फर्ग्युसनने रेथ रोव्हर्सच्या जॉन मॅकस्टेला डोक्याने टक्कर दिली. मैदानावर त्याला कार्डही दिसलं नाही. पण आधीच्या मारामाऱ्यांच्या शिक्षा त्याच्या नावावर होत्या, त्यामुळे कोर्टाने तीन महिन्यांची कैद दिली आणि ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात त्याने ४४ दिवस काढले. महासंघाची बारा सामन्यांची बंदी वेगळीच. मँचेस्टर युनायटेडच्या कँटोनाने जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकाला लाथ मारली, त्याला आधी दोन आठवड्यांची कैद झाली, अपिलात तिचे १२० तास समाजसेवेचे झाले. मुलांना फुटबॉल शिकवून त्याने ते भरले.

तुम्हाला झोंबेल अशी गोष्ट बार्टनची आहे. मे २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध एकाला कोपर मारलं, लाल कार्ड मिळालं, बाहेर जाता जाता दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला डोकं मारायचा प्रयत्न. शिक्षा बारा सामने. ती मात्र माणसाच्या मागे गेली, तो मार्से या फ्रेंच क्लबकडून खेळायला गेला तर फ्रान्समध्येही लागू झाली. आणि याच बार्टनला २०१७ मध्ये सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल अठरा महिने! अपिलात थोडे कमी झाले, तरी बघा. पैजेने धंद्याचा विश्वास जातो, कोपराने फक्त समोरच्याचा दात जातो.

प्रश्न : चावणं नियमात लिहिलंय का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : लिहिलंय. बारावा नियम उघड. थेट बाहेर काढायच्या अपराधांत थुंकण्याच्या शेजारीच चावणं आहे. मी परीक्षा दिली तेव्हा तिथे फक्त थुंकणं होतं.